केसपेपर नसलेले पेशंट

एमबीबीएसच्या सेकंड इयरच्या पोरांना व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी पेनकिलर विचारतेच विचारते. एनएसएआयडी, म्हणजे आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या जातीची पेनकिलर, कोणाला द्यायचं नाही, सांग. आणि पोरं सांगतात, धडाधडा सांगतात, पेप्टिक अल्सर, किडनीचा आजार, दमा, हार्ट फेल्युअर, प्रेग्नन्सीचे शेवटचे महिने, डिहायड्रेशन, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर, एकही सुटत नाही. मग मी पुढचा प्रश्न विचारते, तू स्वतः शेवटची पेनकिलर कधी घेतली? इथे पोरगं गडबडतं. काल रात्री मॅम. कशासाठी? डोकं दुखून राहिलं होतं. जेवला होतास? नाही मॅम, मेस बंद झाली होती. पाणी किती प्यायलास दिवसभरात? आणि मग तोंड उतरतं, कारण आत्ताच जी यादी घडाघडा म्हटली तिच्यातलं निदान एक कारण त्याच्याच अंगात बसलेलं असतं.

ह्या प्रश्नाचे मार्क नसतात. पण मला तो विचारावासा वाटतो, कारण नागपुरात एवढी वर्षं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र शिकवते आणि मधली काही वर्षं मुलींच्या होस्टेलचंही काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ह्या पोरांची उत्तरपत्रिकाही मी पाहिलीय आणि टेबलाचा ड्रॉवरही पाहिलाय. दोन्ही एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

ड्रॉवरमधे काय असतं ते सांगते. पॅरासिटॅमॉल ६५० चा अर्धा संपलेला पत्ता, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉलची एकत्र गोळी, ॲसेक्लोफेनॅक, मुलींकडे पाळीच्या दुखण्यावरचं मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन, दातदुखीच्या वेळचं उरलेलं केटोरोलॅक, सर्दीच्या गोळ्या, ॲसिडिटीचं पँटोप्राझोल तर हवंच, आणि एखादा कप्पा भरून कंपनीचे सॅम्पल, ज्यावर विकण्यासाठी नाही असं छापलेलं असतं. हे सगळं एका स्टीलच्या डब्यात किंवा पेन्सिलच्या पाऊचमधे, आणि तो डबा एकट्याचा नसतो, अख्ख्या विंगचा असतो. रात्री दीड वाजता कोणी दार वाजवतं, अगं काही आहे का डोक्याचं, आणि आतून हात बाहेर येतो. काय झालंय, कधीपासून, ताप आहे का, उलटी झाली का, हे चार प्रश्न ज्या पोरी दिवसा वॉर्डात पेशंटला विचारून विचारून घसा कोरडा करतात त्यातला एकही प्रश्न त्या एकमेकींना विचारत नाहीत.

बाहेर मेडिकल स्टोअरवर तर ह्यांचं स्वागतच होतं. होस्टेलच्या आसपासचे दुकानदार पोरांना ॲप्रनवरून ओळखतात, फर्स्ट इयरच्या पोरालाही 'बोला डॉक्टर' म्हणतात, आणि ज्या पत्त्यावर लाल उभी रेघ आणि शेड्यूल एच छापलंय, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे, तो पत्ता चिठ्ठी न मागता हातात पडतो. दुकानदाराला वाटतं समोर डॉक्टर उभा आहे आणि पोराला वाटतं आपण डॉक्टर झालोच आहोत. मला ह्यात दुकानदाराचा राग फारसा येत नाही. तो अठरा-एकोणीस वर्षाच्या पोराला डॉक्टर म्हणतो कारण त्या पोराचं घर, गाव, नातेवाईक, सगळेच म्हणतात.

लोक म्हणतात माहिती नाही म्हणून घेतात. मेडिकोंच्या, म्हणजे मेडिकलच्या पोरांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. माहिती भरपूर आहे. नाही ते एकच, ह्यांना कोणी तपासत नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप, त्या सगळ्या काळात ही पोरं शेकडो पेशंटचे केसपेपर लिहितात आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचा एक केसपेपर कुठे निघत नाही. तुम्ही म्हणाल हॉस्पिटल तर दाराशी आहे, जायला काय होतं. तिथेच तर अडतं. त्या ओपीडीत कोण बसलेलं असतं? त्याचेच सर, जे पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकलला एक्झामिनर असणार आहेत. केसपेपर कोण लिहिणार? त्याचाच सिनिअर इंटर्न, जो रात्री मेसमधे बाजूला बसतो. एखाद्या मुलीला पाळीचा त्रास आहे, एखाद्याला मूळव्याध आहे, एखाद्याची झोप उडालीय आणि रात्ररात्र धडधडतं, तर त्याने हे ज्यांच्यासमोर सांगायचं ते सगळे त्याला ओळखणारे. आपल्या घरातल्यांसमोर कपडे काढण्यासारखं आहे ते. आणि खाजगीत दाखवायचं तर धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांची काय कमी आहे, पण फी आहे, ऑटोचं भाडं आहे, अर्धा दिवस जातो, आणि अर्धा दिवस गेला की अटेंडन्स जाते. त्यापेक्षा दोन रुपयाची गोळी. हिशोब तर बरोबर आहे पोरांचा, म्हणूनच तो मोडायला अवघड आहे.

एक जुनी गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते, स्वीडनमधली आहे. हुस्कवार्ना नावाचं कारखान्याचं गाव. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तिथल्या कारखान्याच्या डॉक्टरने, योर्टन त्याचं नाव, कामगारांसाठी एक पावडर काढली. फेनॅसेटिन आणि फेनॅझोन ह्या दोन पेनकिलर, आणि कॅफिन. ताप उतरायचा, अंग दुखायचं थांबायचं, आणि कॅफिनने जरा तरतरी यायची. साथ संपली पण पावडर राहिली. कारण लोकांच्या लक्षात आलं की हे घेतलं की कामाचा वेग टिकतो. मग दुखत नसतानाही घ्यायचे, सकाळी कामावर जाताना घ्यायचे, पुड्या एकमेकांना द्यायचे, वाढदिवसाला भेट म्हणूनसुद्धा द्यायचे. आणि वर्षानुवर्षं त्या गावातली माणसं किडनी निकामी होऊन मरत राहिली, आसपासच्या गावांपेक्षा कितीतरी जास्त. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनीही फेनॅसेटिनच्या पेनकिलर आणि किडनी जाणं यांचा हाच संबंध दाखवला, तिथेही घड्याळाच्या कारखान्यातले कामगार. पुढे फेनॅसेटिन जगभर बंद झालं.

ही गोष्ट सांगितली की पोरं विचारतात, मॅम फेनॅसेटिन तर आता मिळतच नाही. बरोबर आहे, मिळत नाही. पण मी ही गोष्ट फेनॅसेटिनसाठी सांगत नाही. गावातली कोणी माणसं अडाणी नव्हती, व्यसनी म्हणावी अशीही नव्हती, कामसू होती. पावडर देणारा डॉक्टर त्यांच्या भल्याचाच होता. त्यांना फक्त मशीनच्या वेगाने काम करायचं होतं आणि शरीर मधे मधे नाही म्हणत होतं. आता आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमधून परीक्षेच्या आधीच्या रात्री एकदा चालून बघा. चहा, पेनकिलर, परत चहा. कोणाचं डोकं, कोणाची मान, कोणाची कंबर. दुखणं घालवायला म्हणून सुरू झालेली गोळी पुढे पुढे वाचायला बसण्याआधीच घेतली जाते, दुखेल म्हणून. हुस्कवार्नात हेच झालं होतं.

बरं, आपल्याकडे स्वीडनची थंडी नाही. आपल्याकडे मे महिना आहे.

नागपूरच्या बाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की इथे दुपारी रस्ते ओस पडतात, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरोघरी कुलर, आणि लघवीला जळजळ झाली की आजी म्हणते उन्हाळी लागली, धन्याचं पाणी पी. ह्याच दिवसात कुठली न कुठली परीक्षा, टर्म एंडिंग, नाहीतर इंटर्नची कॅज्युअल्टी ड्युटी. होस्टेलच्या वरच्या मजल्यावर टाकीतलं पाणी दुपारपर्यंत उकळल्यासारखं होतं, कुलरमधे पाणी भरायचा कंटाळा केला की तो नुसती गरम हवा फेकतो. अशा एका मे महिन्यातली गोष्ट. मुलगा इंटर्न होता, कुठल्या कॉलेजचा ते सोडा. बाहेर काहीतरी खाल्लं, जुलाब सुरू झाले, थोडा ताप, अंग मोडून आलं. ड्युटी होती, बदली मिळत नव्हती, निदान त्याला मागावीशी वाटली नाही. दोस्ताला म्हणाला, अबे एक डायक्लो मार न. दोस्ताने डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मारलं. बरं वाटलं, ड्युटी केली. रात्री परत अंग दुखलं, परत एक. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनच्या जोडीला गोळ्याही. ओआरएस? घेऊ घेऊ करत राहिलं. लघवी कमी झाली, गडद झाली, त्याला वाटलं उन्हाळी लागली. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि चेहऱ्यावर सूज, मग कोणीतरी हट्टाने रक्त पाठवलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा, ३.८. जे एरवी त्याच्या वयाच्या पोराचं एकच्या आतबाहेर असायला हवं.

काय झालं होतं ते कोणालाही समजेल इतकं सोपं आहे, मेडिकल नसलेल्यांसाठी सांगते. शरीरातलं पाणी आटलं की किडनीकडे येणारं रक्त कमी होतं. तेव्हा किडनी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवते आणि आपल्याकडे रक्त आणणारी बारीक नळी उघडी धरून ठेवते, कसंबसं काम चालू ठेवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक ह्या सगळ्या पेनकिलर काय करतात, तर नेमकं तेच प्रोस्टाग्लँडिन बनणं बंद करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं आणि किडनीचा आधारही त्यामुळेच जातो. नीट खाल्लेल्या, भरपूर पाणी प्यायलेल्या तरुण माणसाला एरवी ह्या आधाराची फारशी गरजच पडत नाही. म्हणून "मी तर नेहमीच घेतो मॅम, मला कधी काही झालं नाही" हे जे पोरं सांगतात ते खोटं नसतं. हिवाळ्यात दहा वेळा घेतली तर काही होत नाही, मे महिन्यात जुलाब लागलेले असताना घेतली की होतं. गिधाडांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते, डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन त्यांच्या किडन्या गेल्या, २००६ मधे जनावरांसाठी ते औषध बंद झालं. परीक्षेत लिहून येतात आणि खोलीवर येऊन रिकाम्या पोटी तीच गोळी घेतात.

तो मुलगा बरा झाला. सलाईन लावलं, पेनकिलर बंद, डायलिसिसची वेळ आली नाही, क्रिएटिनिन हळूहळू उतरलं. त्याचं वय त्याच्या कामी आलं. पण मला त्या प्रसंगातलं एक फार लागलं. तो तीन दिवस हॉस्पिटलमधेच होता. कॅज्युअल्टीत, डॉक्टरांच्या गराड्यात, जुलाबाचे पेशंट स्वतः तपासत होता, त्यांची जीभ बघत होता, कातडी चिमटीत धरून बघत होता, सलाईन लावत होता. त्याची जीभ कोणी पाहिली नाही.

इंजेक्शनबद्दल पोरांचा एक ठाम समज आहे, की सुईने घेतलं म्हणजे पोटाला त्रास नाही. तसं नसतं. पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारं प्रोस्टाग्लँडिनही रक्तातून गेलेल्या औषधाने कमी होतं, औषध तोंडाने गेलं काय नि कमरेत गेलं काय. पँटोप्राझोल सोबत घेतलं की सगळं झाकलं गेलं असंही नाही, ते जठराला आणि त्याच्या लगेच पुढच्या भागाला आधार देतं, खालच्या आतड्याला नाही आणि किडनीला तर अजिबात नाही.

आणि बेरीज. ही मी फळ्यावरच करून दाखवते. ताप आणि अंगदुखी म्हणून कॉम्बिफ्लॅम दिवसातून तीनदा, त्यात दर गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल आहे, झाले ९७५. ताप उतरेना म्हणून मधे मधे ६५० ची गोळी तीनदा, १९५०. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात बहुतेक वेळा ५०० असतं, १५००. एकूण ४४२५. मोठ्या निरोगी माणसाची दिवसाची मर्यादा ४००० मिलिग्रॅम. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग, पोराच्या मनात तीन वेगळी औषधं, लिव्हरला मात्र एकच. त्यात चार दिवस नीट जेवण नसलं की लिव्हरकडचं ग्लुटाथायोनही कमी झालेलं असतं, जे ह्या औषधाचा विषारी भाग निकामी करतं. ही बेरीज दाखवली की वर्गात शांतता होते, कोणी तरी मागच्या बाकावर बोटांवर मोजत असतं.

मुलींबद्दल मात्र मला जरा सावकाश लिहायचंय.

होस्टेलचं काम होतं तेव्हाची एक मुलगी. विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावची, हुशार, कधी आवाज नाही. पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी बाथरूममधे चक्कर येऊन पडली म्हणून मला बोलावलं. पाळीचा पहिला दिवस. पलंगाच्या कडेला कॅलेंडर टांगलेलं, त्यावर दर महिन्याला काही तारखांना पेन्सिलने बारीक फुल्या. मी विचारलं ह्या कशाच्या. म्हणाली मॅम, ह्या तारखांपासून गोळी सुरू करते, दुखायच्या आधीच, मग वाचायला बसता येते. कधीपासून असं? अकरावीपासून. कोणाला दाखवलं? त्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली, जसं काही मी अगदीच भलतं विचारलं. दाखवायचं काय मॅम त्यात, पाळीच तर आहे, मेफेनॅमिक ॲसिड आहे न. आई म्हणते लग्न झालं का कमी होते.

मेफेनॅमिक ॲसिड पाळीच्या दुखण्यावर चांगलं औषध आहे, हे मी ठामपणे लिहिते, कारण असे लेख वाचून मुली गोळी सोडून नुसतं पोट धरून बसतात आणि तेही मला नको आहे. दोन दिवस गोळी घेऊन ज्या मुलीचं काम नीट चालतं तिने घ्यावी, जेवून घ्यावी. पण जिला दर महिन्याला आधीपासून फुल्या माराव्या लागतात, जिचं दुखणं वर्षागणिक वाढत चाललंय, जी संडासला जातानाही कळवळते, तिची सोनोग्राफी व्हायला हवी होती आणि ती इतक्या वर्षांत झाली नव्हती. मी तिला घेऊन आमच्या कॉलेजच्या बाहेर, ओळखीच्या गायनॅकॉलॉजिस्ट बाईंकडे गेले. ओव्हरीवर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ निघाली. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढायचा आजार. ह्या आजाराचं निदान व्हायला बायकांची वर्षानुवर्षं जातात हे पुस्तकातलं वाक्य आहे, ती मुलगीही ते वाचून परीक्षा देणार होती, पण गोळी लागू पडत होती आणि गोळी लागू पडते तोवर आपण पेशंट नाही असं तिला वाटत होतं. सिस्टपेक्षा तिला जास्त रडू आलं ते बाईंनी अर्धा तास तिचं ऐकून घेतलं त्याचं. घरी येताना ऑटोत म्हणाली, मॅम एवढे प्रश्न मला कोणीच विचारले नव्हते.

गोळीचे स्वतःचेही धोके असतातच. नोव्हेंबर २०२३ मधे भारतीय फार्माकोपिया आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सूचना काढली होती, ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो म्हणून, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आतल्या अवयवांवर परिणाम. क्वचित होतं, पण पुरळ आलं तर गोळी थांबवून दाखवायला हवं. त्या आठवड्यात होस्टेलच्या ग्रुपवर ही बातमी फिरली, दोन दिवस घबराट झाली आणि मग सगळ्या परत पहिल्यासारख्या. भीतीने सवय जात नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

डोकेदुखीचं तर अजून विचित्र आहे. पेनकिलर जास्त घेतल्यानेच डोकं दुखायला लागतं. साध्या पेनकिलर महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की डोकेदुखी गोळीमुळेच टिकून राहू शकते. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. ह्यावरचा उपाय म्हणजे गोळी थांबवणं, आणि थांबवल्यावर आधी काही दिवस जास्तच दुखतं. आता मला सांगा, प्रिलिम तोंडावर असलेलं कुठलं पोरगं एकट्याच्या हिमतीवर ते दिवस काढेल? त्याला कोणीतरी सांगणारं हवं की हे दुखणार आहे, इतके दिवस दुखेल, मी आहे, मग कमी होईल. हे काम फक्त डॉक्टर करू शकतो आणि तो डॉक्टर आपण स्वतः असून चालत नाही.

ट्रॅमाडॉलचं थोडक्यात सांगते. २०१८ पासून ते नार्कोटिक्सच्या कायद्याखाली आलंय, तरी वॉर्डात सहज हाताशी असतं आणि पोरं त्याला साधी पेनकिलरच समजतात. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना ते घेतलं तर झटके येऊ शकतात, सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा परिणाम शरीरात धोक्याइतका वाढतो. आणि डिप्रेशनच्या गोळ्या कोणाला चालू आहेत हे रूममेटलाही माहीत नसतं, कारण त्याही लपवूनच घेतल्या जातात. म्हणून मित्राला कधी, कधीच, सुई टोचून ते देऊ नका.

ही सवय होस्टेलच्या दारात थांबत नाही, ह्याची मला जास्त काळजी वाटते. सेकंड इयरला पोरगं गेलं की घरून फोन सुरू होतात. बेटा, मामाचा गुडघा धरून राहिला, काय घेऊ म्हणते. पोरगं स्वतः जे घेतं तेच सांगतं, ॲसेक्लो घ्या मामा, जेवण झाल्यावर. मामांना ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी एकत्र चालू आहे, हे पोराने विचारलं नाही कारण त्याला स्वतःला कधी कोणी विचारलं नव्हतं. ही तीन औषधं एकत्र आली की म्हाताऱ्या किडनीवर काय ताण येतो ते त्याच्याच वहीत लिहिलेलं आहे. कळमेश्वर-काटोलकडे कुठेतरी तो मामा भर उन्हात संत्र्याच्या बागेत उभा असतो. स्वतःला न तपासता गोळी घ्यायची ज्याला पाच वर्षं सवय लागली तो पुढे पेशंटला तपासल्याशिवाय लिहून देणार नाही याची खात्री मी कशी देऊ? काही तपासूनच लिहून देतात. खूप चांगले डॉक्टर होतात आमचे विद्यार्थी, मी पाहिलेत. पण सवयीचा हात लवकर चालतो.

आता पोरांना उपदेश करणारे बरेच आहेत. गेस्ट लेक्चर होतं, पोस्टर लागतं, सेल्फ मेडिकेशनवर पोरांकडूनच सर्व्हे करून घेतात, पोरं फॉर्म भरून घेतात आणि खिशात पत्ता तसाच. मला वाटतं पोरांना सांगण्यासारखं फार थोडं उरलंय, सांगायचं ते आपल्या मोठ्यांना, डिपार्टमेंटला, कॉलेजला. पोरगं आजारी पडतं तेव्हा त्याला झोपायला मिळतं का? नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने २०२४ मधे सांगितलं की रेसिडेंटने, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरने, आठवड्याला ७४ तासांच्या वर काम करू नये आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असावी. कागदावर आलं, चांगलं झालं. पण तापाने फणफणलेल्या जेआरला, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंटला, अजूनही ऐकावं लागतं की आमच्या वेळेला आम्ही सलाईन लावून ड्युटी केली. हे वाक्य जे सिनिअर अभिमानाने बोलतात त्यांना मला सांगायचंय, तुमचे हाल झाले होते, कोणी तुम्हाला घरी जा म्हणायला हवं होतं, आणि ते कोणी म्हटलं नाही याचं मला वाईट वाटतं.

मी जे मागत होते ते फार मोठं नव्हतं. पोरांसाठी वेगळी ओपीडी, संध्याकाळची, म्हणजे लेक्चर आणि क्लिनिक्स बुडणार नाहीत. तिथे बसणारा डॉक्टर पोरांना शिकवणारा नको, एक्झामिनर तर नकोच. इंटर्न नको, केसपेपर वेगळा, कुलुपात. बीपी, वजन, गरज पडली तर क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन. आणि उन्हाळ्यात प्रत्येक मजल्यावर थंड पाणी आणि ओआरएस, ते सुद्धा औषधच आहे.

त्यातलं थोडं झालंय. एक फिजिशियन बाई, आमच्या कॉलेजशी काहीही संबंध नसलेल्या, आठवड्यातून एक संध्याकाळ येतात, होस्टेलजवळच्या एका खोलीत टेबल, पडदा, तपासायचा पलंग. मुली येतात. पाळी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, कोणाला नुसतंच बोलायचं असतं. मुलं फार कमी येतात, दारातून डोकावतात आणि कोणी ओळखीचं दिसलं की निघून जातात, त्यासाठी काय करावं हे अजून आमचं चालू आहे, बहुतेक खोली बदलावी लागेल. पँटोप्राझोल मागायला आलेल्या एका मुलाला बाईंनी पलंगावर झोपवून पोट तपासलं तर तो म्हणे चकितच झाला.

पण दर आठवड्याला बाईंना सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारला जातो आणि तो औषधाचा नसतोच. मॅम, तुम्ही दोन दिवस आराम लिहिला तर ते अटेंडन्समधे धरणार का? थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, हा नियम त्यांना पूर्ण माहीत असतो, आणि आराम करून हजेरी जाणार असेल तर ते गोळी घेऊन वर्गात येऊन बसणार, हेही मला पूर्ण माहीत आहे. बाईंकडे ह्याचं उत्तर नाही, त्या बाहेरच्या. माझ्याकडेही नाही, कारण मेडिकल सर्टिफिकेट कोणाचं, कुठल्या नमुन्यात, किती दिवसांपर्यंत, हे डिपार्टमेंट डिपार्टमेंटला वेगळं चालतं आणि पोरं वीस ठिकाणी सह्या घेत फिरतात, तेही ताप अंगात असताना. पुढच्या कॉलेज कौन्सिलला मी हा एकच मुद्दा लिहून दिलाय, की ह्या ओपीडीची चिठ्ठी सगळ्या डिपार्टमेंटने धरायची आणि त्या तासांचे क्लास पोरांना नंतर भरून काढू द्यायचे. मार्चच्या आत झालं पाहिजे, त्यानंतर ऊन सुरू होतं.